पिण्यास अयोग्य

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज बाळंतपणाच्या रजेवरून पुन्हा कामावर रुजू झाले. दिवसभर रडू येईल असे सर्वांनी बजावले होते. म्हणून पर्समध्ये दोन हातरुमाल नेले होते. दोन्ही कोरडे ठणठणीत परत आणले. जिन्याशी आल्यावर मनात आले, वर सासूबाई दारातच उभ्या असतील आणि पाच महिन्यांच्या मुलीच्या आईजवळ कोरडे रुमाल निघणे काही शोभणारे नाही. तेव्हा जिन्याखालच्या नळावर एक रुमाल भिजवून घट्ट पिळून घेतला. (नळाला पाणी स्वच्छ होते, क्लोरीनचा वास मात्र किंचित जास्त वाटला. शहराच्या पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बाईचे ढोंगही शास्त्रशुद्ध असते.)

सासूबाईंनी रुमाल पाहिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होतं गं असं पहिल्या दिवशी. आईचं काळीज शेवटी." मी मान खाली घातली. दहावीला भाषाविषयांत मी केंद्रात पहिली आले होते. खोटे बोलायला मात्र मला एक शब्दसुद्धा लागला नाही.

चिमी दिवसा बापाजवळ राहते, कारण नवरा घरांचे नकाशे काढतो आणि नकाशे घरबसल्या काढता येतात. निदान आमचे गणित तसे आहे. सासूबाई "आठ दिवस, माझ्या मुलाची आबाळ नको" म्हणून आल्या आहेत. आबाळ माझीही होऊ शकते, ही शक्यता प्रस्तावात नव्हती.

प्रयोगशाळेत पाऊल टाकताच नमुन्यांच्या बाटल्यांची किणकिण कानी पडली आणि छातीत काहीतरी उसळले. अशक्तपणा असावा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दूध आईच्या मागोमाग कचेरीत येते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेले नव्हते. दिवसातून दोनदा मी काचसामानाच्या कोठीत आतून कडी लावते आणि खोक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये पंप घेऊन बसते. पंप घरघरतो. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी खोकते. आज आमच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, "काय गं, खोकला अजून गेला नाही तुझा? छातीचा फोटो काढून घे."

दूध ठेवायला मी नमुन्याचीच बाटली वापरते. सबंध शहरात तिच्याहून निर्जंतुक बाटली मिळायची नाही. बाटली हाती आली की हात सवयीने चिठ्ठी चिकटवतो: दिनांक, वेळ, तापमान, सही. "स्रोत" या शब्दापुढची जागा तेवढी मी कोरी सोडते. नव्या लोकांना मीच शिकवत आले आहे की स्रोत न लिहिलेला नमुना म्हणजे बेवारस मूल. पण तेथे काय लिहावे? लिहिण्याच्या कल्पनेनेच कानशिले तापतात.

समोरच्या टेबलावर मोजपट्टी बसतात. ते माझ्याच दर्जाचे रसायनतज्ज्ञ. टेबलावरची प्रत्येक वस्तू काटकोनात ठेवतात म्हणून मी घरापुरते ठेवलेले हे नाव. त्यांना आठ महिन्यांची जुळी मुले आहेत. जुळ्यांचा फोटो टेबलावर आहे आणि येणारा जाणारा तो पाहून म्हणतो, "वा! जबाबदार माणूस." चिमीचा फोटो मी खणात ठेवला आहे. तो बाहेर ठेवला तर लोक म्हणतील, हिचे लक्ष घरी. बाहेर ठेवला नाही तर म्हणतील, हिला लेकीची आठवण तरी येते का? खण हा मध्यम मार्ग आहे. तो अर्धवट उघडा ठेवते.

रविवार, ९ फेब्रुवारी

नवरा चिमीला पोटाशी बांधून पाव आणायला गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. एवढा वेळ का लागला? कौतुक घेत होता. पावाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, शिवाय समोरच्या काकूंनी गॅलरीतून: "काय बाई, किती करतो हा! नशीब काढलंन हो बायकोनं!"

दुपारी तीच चिमी, तीच झोळी घेऊन मी त्याच दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी चिमीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"टोपी नाही घातली?"

"ऊन आहे म्हणून..."

"पाय उघडे दिसतायत."

मी दोन पाव घेऊन परतले. नवऱ्याला एक बिस्कीट फुकट मिळाले होते.

त्याच्या नकाशांच्या उंच टेबलावर हल्ली चिमीच्या दुपट्यांच्या घड्या असतात. टेबलाची उंची घड्या घालायला फारच सोयीची आहे, हे मान्य करायला हवे. तो संध्याकाळी माझ्याभोवती घोटाळतो आणि दिवसभराचे विचारतो. "मग? गढूळपणाचं यंत्र दुरुस्त झालं? मोजपट्टी काय म्हणाले? नाही, नीट सांग, पहिल्यापासून." त्याला रसायनशास्त्राची इतकी गोडी आहे, हे लग्नाआधी कळले असते तर मी त्याला पत्रे अधिक सविस्तर लिहिली असती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सासूबाईंचे आठ दिवस संपले. त्या गेल्या नाहीत. सासऱ्यांचा फोन आला होता: साखर कोठे आहे? "असेल तिथेच, शोधा," असे म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडले. माझ्यावर नजर ठेवण्यासाठी त्या किती गैरसोय सोसत आहेत!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावले. वाटले, खोकल्याबद्दल असेल.

"दार लाव. मी मार्चअखेर निवृत्त होतेय. माझ्या जागेसाठी दोन नावं पाठवायची आहेत. एक तुझ्या समोर बसतात त्यांचं. दुसरं तुझं पाठवू?"

"हो" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी इतक्या वेगाने आला की मला त्याची भीती वाटली. मी तो गिळला आणि "विचार करून सांगते," असे म्हणाले.

"कसला विचार?"

"मुलगी लहान आहे."

"त्यांची तर दोन लहान आहेत. ते लगेच हो म्हणाले." बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "पुढच्या बुधवारपर्यंत सांग."

घरी काही सांगितले नाही. सांगितले असते तर नवरा "घे" म्हणाला असता, आणि मग मी ते त्याच्या आग्रहाखातर घेतले असे झाले असते. न सांगितल्यामुळे मी ते चिमीसाठी नाकारले असे होईल. दुसरा पर्याय अधिक उदात्त आहे. उदात्तपणाने मला दुपारपासून डोकेदुखी आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हे लिहून ठेवले नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळचे दूध काढून झाल्यावर मी शुद्धीकरण केंद्रावर नमुने घ्यायला गेले. तेथे जमिनीखालच्या मार्गिकेत फोन लागत नाही. जाण्यापूर्वी बाटली नेहमीप्रमाणे शीतकपाटाच्या तळच्या फळीवर ठेवायची होती, पण ती फळी भरलेली होती. म्हणून वरच्या फळीवर ठेवली. वरची फळी तक्रारींच्या नमुन्यांची. नागरिक ज्या पाण्याबद्दल तक्रार करतात ते पाणी तेथे येते आणि ते सर्वांआधी तपासायचे असते. हा नियमही माझाच.

परत आले तर गढूळपणाच्या यंत्राभोवती गर्दी. मध्ये मोजपट्टी, घामाघूम. पाणीपुरवठ्याचे उपअभियंता बूट घालून थेट आत आलेले. टेबलावर माझी बाटली: वर सायीचा थर, खाली निळसर पांढरे. शेजारी मोजपट्टींच्या नेटक्या अक्षरातला शेरा: "गढूळपणा यंत्राच्या मर्यादेबाहेर. स्निग्ध पदार्थ आढळले. पिण्यास अयोग्य."

"रंगाच्या कारखान्याचंच काम आहे," उपअभियंता म्हणत होते. "सोडलं असणार नदीत. पण आलं कुठल्या भागातून, ते तर कळू दे!"

"स्रोत लिहिलेला नाही," मोजपट्टी म्हणाले. "सही मॅडमची आहे. त्यांचा फोन लागत नाही."

"कारखाना पूर्वेला आहे, मग मी अख्ख्या पूर्व भागाचं पाणी तोडतो. मी धोका घेणार नाही. दवाखान्याला टँकर पाठवू." त्यांनी फोन काढला.

येथे कोणतीही सामान्य बुद्धीची व्यक्ती बोलली असती. मी दारात उभी राहून वाक्य जुळवीत होते. "सदर नमुना" अशी सुरुवात करावी की "क्षमस्व" अशी? उपअभियंत्यांनी फोन कानाला लावला आणि "हां, पूर्वेची मुख्य झडप" एवढे म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून निघाले:

"ते पाणी नाही. माझं आहे."

सगळे वळले.

"तुमचं म्हणजे?"

"म्हणजे माझ्या मुलीचं."

  उपअभियंत्यांनी फोन हळूच खिशात टाकला आणि छताकडे पाहू लागले. मोजपट्टींच्या हातात नळी होती. ती कोठे ठेवावी हे त्यांना कळेना. बहुधा आयुष्यात प्रथमच त्यांनी एक वस्तू तिरकी ठेवली.

मोठ्या बाई खोलीतून बाहेर आल्या, बाटली उचलून चिठ्ठी वाचली. "नमुन्यात काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीत आहे. स्रोत का लिहिला नाहीस?"

"लाज वाटली."

"तुझ्या लाजेपायी अर्धं गाव तहानलं असतं. उद्यापासून मधली फळी तुझी. आणि ते खोकणं बंद कर. आम्हाला काय कळत नव्हतं होय?"

संध्याकाळी मोजपट्टी कोठीच्या दाराशी आले. इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. आमच्याकडे आठ महिने घरात दुधाच्या बाटल्या आहेत, आणि मला ओळखता आलं नाही. आमच्या मिसेसना हे कुठून कळू देऊ नका. तिच्या मते मी तसाही घरात पाहुणाच असतो."

मी वचन दिले. ते अजूनही जबाबदार दिसत होते; फोटोतल्या इतके नव्हते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज मोठ्या बाईंना उत्तर द्यायचे होते. मी "उद्या सांगते" म्हणाले. त्यांनी कपाळावर हात मारला, पण "बरं" म्हणाल्या.

घरी कालची हकीगत सांगितली. नवरा इतका हसला की चिमी दचकून रडू लागली. तिला घेऊन फेऱ्या घालतानाही तो "पिण्यास अयोग्य! काय गं चिमे, अयोग्य पितेस तू?" म्हणून हसत होता. त्याला इतके हसताना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

सासूबाईंना हसू आले नाही. "एवढी शोभा करून घ्यायची कशाला? सोडून दे ती नोकरी."

आणि मी, जिने जन्मात मोठ्यांना उलट उत्तर दिलेले नाही, म्हणाले, "सोडायची कशी? मला तिथे प्रमुख करतायत." मग लगेच जोडले, "म्हणजे, मी नाही म्हणणार आहे."

हसणे थांबले. "कधी विचारलं त्यांनी?" नवऱ्याने विचारले.

"मागच्या गुरुवारी."

"आणि मला आज कळतंय. तेही आईला टोला द्यायच्या निमित्ताने."

"चिमी लहान आहे म्हणून मी..."

"चिमीवर ढकलू नकोस. तिला बोलता येत नाही म्हणून तिच्या नावावर काहीही खपवायचं?"

मी शांतपणे, मुद्देसूद, सांगू लागले की त्याला घरात बाळ सांभाळून काम करणे जमते आहे, सारे त्याचे कौतुक करतात, तेव्हा त्याच्यावर आणखी भार टाकणे...

"काय जमतंय?" तो म्हणाला. "तू रुजू झालीस त्या दिवसापासून मी एक रेघ मारलेली नाही. दोन घरांची कामं परत केली. टेबलावर काय आहे ते दिसत नाही तुला?"

"दुपटी," मी म्हणाले. मला खरोखरच दुपटीच दिसत होती.

"मग सांगायचं नाही का?" मीच पुढे विचारले.

"कुणाला? सगळे इतकं कौतुक करतात, की कंटाळलो म्हणायची चोरी झालीय. बापानं पाव आणला तरी बिस्कीट देतात लोक. आणि मी वाट बघत असतो, तू कधी येतेस आणि कुणीतरी मोठं माणूस माझ्याशी बोलतंय."

म्हणजे रसायनशास्त्र नव्हते तर.

तो वैतागून बोलत होता, पण मला वाईट वाटण्याऐवजी आधी हेवाच वाटला. त्याला निदान कंटाळा आला होता. मला काय झाले होते, हे मी कोणाला सांगावे? आज कोठीतून बाहेर आल्यावर साठ बाटल्या रांगेत उभ्या पाहिल्या आणि मी गुणगुणत होते. गाणे पाळण्याचे नव्हते.

सासूबाई हे सारे ऐकत होत्या. आता म्हणाल्या, "दुपारी मी बघेन चिमीला. एक बाई लावा हाताखाली. मला काही घरी जायची घाई नाही." सासऱ्यांना साखर अजून सापडलेली नसताना! अशी माया मी वाचली होती, पाहिली नव्हती.

नवरा उद्यापासून दुपारी मित्राच्या कचेरीत टेबल भाड्याने घेऊन बसणार आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मोठ्या बाईंना "हो" म्हणाले. शब्द फार लहान आहे. गिळण्यापेक्षा उच्चारायला सोपा.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मुलाखत. तिघांची समिती, मोठ्या बाई कोपऱ्यात, मत नसलेल्या सदस्य म्हणून.

आधी मोजपट्टी आत गेले. बाहेर आल्यावर मी विचारले, "काय विचारलं?"

"क्लोरीनच्या मात्रेवर बरंच विचारलं. मग जुळी आहेत कळल्यावर अभिनंदन केलं. पेढे मागितले."

क्लोरीन मी तोंडपाठ करून आले होते. मी आत गेले, बसले, तयार झाले.

अध्यक्ष म्हणाले, "बाळ किती महिन्यांचं? अरेरे, लहान आहे. मग घरचं कसं जमवणार?"

क्लोरीनविषयी एकही प्रश्न आला नाही. शाळेपासून मला एकच गोष्ट येते: विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण वाक्यात उत्तर देणे. मी दिले. म्हणाले की सगळे काही जमत नाही. सकाळी मुलीचे वडील असतात, दुपारी आजी आणि एक बाई. तरी कोणाचे ना कोणाचे काहीतरी राहते, आणि पुढेही राहील. हा प्रश्न आधीच्या उमेदवारांनाही विचारावा, कारण त्यांचे दुप्पट राहत असेल. (हे मी म्हणाले! आवाज मात्र असा, की अध्यक्षांना कान पुढे करावा लागला.)

"मग कशाला हा व्याप?" दुसरे सदस्य म्हणाले. "खरं सांगा."

मी सांगू लागले. वाक्याची बांधणी उत्तम होती: "मी घरी असते तेव्हा मला इथे यावंसं वाटतं, आणि इथे असते तेव्हा..." उरलेला अर्धा भाग आपोआप यायला हवा होता. तोल तेच मागत होता, समितीही तेच मागत होती. तिघांच्या चेहऱ्यांवर हसू तयार होते. मी थांबले. शब्द तोंडाशी आले होते, पण ते खरे नव्हते.

"...तेव्हा इथेच बरं वाटतं," मी म्हणाले.

 मोठ्या बाईंना खोकला आला.

 आई म्हणून माझी पात्रता आता कागदोपत्री संपली असावी.

सोमवार, ३ मार्च

पद मला मिळाले.

पण कचेरीभर बातमी वेगळीच आहे. मोजपट्टींनी आज सकाळी आपले नाव मागे घेतले. "मुलांना वेळ देता यावा म्हणून." दहा वाजेपर्यंत त्यांच्या टेबलावर फुले आली. उपअभियंता खास येऊन त्यांना मिठी मारून गेले. "याला म्हणतात बाप! पदावर पाणी सोडलं!" पुरवठा विभागाच्या दोन बायकांनी डोळे टिपले. मग त्यांतली एक माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमची मुलगी फारच लहान ना? बिचारी."

मोठ्या बाईंनी मला आत बोलावून कागद दाखवला. समितीचा निर्णय शुक्रवारचा होता. मोजपट्टींचा अर्ज आजचा.

"सांगू का सगळ्यांना?" बाईंनी विचारले.

मी बाहेर पाहिले. मोजपट्टी फुलांआडून माझ्याकडे पाहत होते. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच आले. "मॅडम, मला ती जागा पहिल्यापासूनच नको होती. रात्री-अपरात्री नळ फुटला की यायचं, मंत्र्यांचे फोन घ्यायचे... पण नको म्हणायचं कसं? लोक म्हणतात, हा कसला पुरुष. आता मुलांसाठी सोडली म्हणाल्यावर घरी काल पहिल्यांदा मला गरम चहा मिळाला."

मी बाईंना म्हणाले, राहू द्या. टाळ्या त्यांना पडल्या, मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. मला टाळ्या नको होत्या. मला किल्ल्या हव्या होत्या.

मंगळवार, १ एप्रिल

आज किल्ल्या मिळाल्या. दिनांक पाहून आधी थट्टा नसल्याची खात्री करून घेतली.

पहिल्याच दिवशी जलवाहिनी फुटली. चिखलात उभी राहून मी उपअभियंत्यांना दोनदा मोठ्याने "नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी ऐकले. घरी पोचायला उशीर झाला. सासूबाई फोनवर सासऱ्यांना सांगत होत्या, "छे, एवढ्यात कसली येतेय! इथे माझ्यावाचून पान हलत नाही." नवरा उंच टेबलापाशी उभा होता, कानामागे पेन्सिल. वर न पाहताच म्हणाला, "आलीस? दोन मिनिटं, जिना चुकतोय."

चिमी झोपली होती. दिवसभर मी तिला पाहिले नव्हते. मी पाळण्याजवळ जाऊन उभी राहिले आणि अपराधी वाटण्याची वाट पाहू लागले. प्रामाणिकपणे सांगायचे तर ते वाटले. चांगले दाटून आले, डोळ्यांपर्यंत.

पण भूक त्याच्या आधीच येऊन बसली होती. मी आधी जेवले.